एक दात इकडे की तिकडे

देवबागला माझं आजोळ. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मधे एक रस्ता, दोन रांगा माड आणि थोडी घरं मावतील एवढीच जमीन. इथल्या माणसाला पाण्याकडे पाठ करून उभं राहता येत नाही. एका पाण्याकडे पाठ केली की दुसरं तोंडासमोर येतं. माझ्या मामेभावाने यातून जो अर्थ काढायचा तो काढला आणि जाळी विकून पर्यटकांना दोरीला बांधून आभाळात सोडायचा धंदा सुरू केला. पुढे बोट पळते, मागे पॅराशूट, पॅराशूटखाली कोल्हापूरचं नाहीतर बेळगावचं एखादं नवं जोडपं, आणि या सगळ्या वरातीला ओढणारं, बोटीच्या पाठीला चिकटून बसलेलं दीडशे घोड्यांचं चार सिलेंडरचं आउटबोर्ड इंजिन. घरात त्याचा मान मोठा. मामांच्या फोटोला हार वर्षातून दोनदा. इंजिनाला मात्र खाऱ्या पाण्यातून आल्यावर रोज गोड्या पाण्याची आंघोळ.

मे महिना सरता सरता पर्यटकांच्या बोटी बंद होतात आणि किनाऱ्यावर ओढल्या जातात. मग इंजिन खाली उतरतं आणि मामीच्या जुन्या सोलापुरी चादरीखाली पडवीत चार महिने विश्रांती घेतं. मीही शाळेतून निवृत्त झाल्यापासून जूनमध्ये इथेच असतो. शेवटचे रायवळ आंबे, पहिला पाऊस आणि पडवी. त्या जूनला पडवीत आम्ही दोघं होतो, मी आणि इंजिन, आणि दोघांचंही कुठून तरी थोडं थोडं गळत होतं. माझं नाक. इंजिनाचं तेल.

तेल गळतं म्हणून मेस्त्री आले. मेस्त्री साठीचे, बारीक, आणि बोलण्याच्या आधी तळहातावर तंबाखू मळून घेणारे. तंबाखू, चुना, अंगठ्याने रगडणं, दोन थापट्या, मग निदान. गावच्या भजनात ते पखवाज वाजवतात, त्यामुळे त्या दोन थापट्याही तालात पडतात. निदान असं झालं की सांध्याचं पॅकिंग गेलंय आणि डोकं उतरवावं लागेल. डोकं म्हणजे इंजिनाचा वरचा सगळा जिवंत भाग. अंगणातल्या फणसाच्या फांदीला चेन-ब्लॉक लटकवून ते उचललं, तेव्हा शेजारी दोन पिकलेले फणसही लटकत होते आणि मामी सारखी ओरडत होती, कोणता फणस पडला तर चालेल याबद्दल.

माझ्याकडे काम आलं ते बॅटरी धरण्याचं. यंत्राच्या दुरुस्तीत शिकलेल्या माणसाला नेहमी हेच काम मिळतं. विजेचा दिवा टांगून भागलं असतं, पण दिव्याला कौतुक करता येत नाही.

क्रँकच्या पेटीला लागून एक लहान डबा निघाला. त्यात दोन दांडे शेजारी शेजारी, प्रत्येकाच्या एका टोकाला दातांचं गिअर, आणि प्रत्येकाच्या अंगावर एकाच बाजूला सुटलेलं लोखंडी पोट. मी विचारलं, “हे वाकडं झालंय का?”

“नाय हो. बॅलन्सर तो. वाकडोच आसता.”

समतोल राखायला बसवलेली वस्तू मुद्दाम तोल बिघडवून घडवलेली असते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षं गणित शिकवून ठाऊक नव्हतं. मराठीत आपण तोल सांभाळ म्हणतो तेव्हा आपल्याला म्हणायचं असतं, हलू नकोस. आपल्या डोळ्यांसमोर वाण्याचा तराजू असतो. दोन पारडी, मधला काटा, आणि काटा थांबला की सगळं ठीक. हा बॅलन्सर क्षणभरही थांबत नाही. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल तर हा दहा हजार घेतो. थांबून तोल सांभाळणं त्याला जमतच नाही. तो इंजिनाच्या थरथरीला स्वतःच्या थरथरीने उत्तर देतो.

पण मुळात थरथर हवी कशाला? चार पिस्टन आहेत. दोन पुढे धावतात तेव्हा दोन मागे येतात. ओढाताण आपसात फिटून हिशेब शून्य व्हायला हवा. मी वर्गात असंच फळ्यावर सोडवून दाखवलं असतं आणि खाली दोन रेघा मारल्या असत्या. गोम कनेक्टिंग रॉडमध्ये आहे. पिस्टन आणि क्रँक यांच्यामधला हा दांडा क्रँकबरोबर तिरका होत जातो, त्यामुळे क्रँकने पाव फेरा घेतला की क्रँकपासून दूरच्या टोकावरून निघालेल्या पिस्टनने अर्ध्याहून जास्त वाट संपवलेली असते आणि पुढच्या पाव फेऱ्यात तो उरलेली थोडीशीच चालतो. म्हणजे आधी धावतो, मग रेंगाळतो. निघालेले दोघं आणि परतणारे दोघं बहुतेक वेळ सारख्या वेगात नसतात. हिशेबात दर फेऱ्याला दोनदा थोडी तूट येते आणि ती तूट इंजिनाला गदागदा हलवते. क्रँकचा वेग दुप्पट झाला की हा धक्का चौपट होतो, म्हणून बोट रांगत असताना काही कळत नाही आणि पळायला लागली की दातांना कळतं.

ही तूट भरून काढायला ते दोन पोटसुटे दांडे. दोघं एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, क्रँकच्या दुप्पट वेगाने. आडव्या दिशेत एकाचा हिसका दुसरा खाऊन टाकतो; पिस्टनच्या दिशेत मात्र दोघांचे हिसके एक होतात आणि बरोबर पिस्टनांच्या उरलेल्या धक्क्याच्या विरुद्ध पडतात. हे सगळं मी मेस्त्रींना कॅलेंडरच्या पाठीवर कोसाइन काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू गालात सरकवली आणि म्हणाले,

“म्हणजे दुगुन.”

मी थांबलो.

“क्रँक ठेको धरता, हे दोघे दुगुनीत वाजयतत. समेर येवक होये, बस.”

माझ्या अर्ध्या पानाच्या सूत्रात याहून जास्त काही नव्हतं. शिवाय दोघं दोन दिशांना, म्हणजे चक्क डबलबारी! आमच्या सिंधुदुर्गात डबलबारी भजनाला दोन बुवा समोरासमोर बसतात आणि रात्रभर एकमेकांवर कुरघोडी करतात. पहाटेपर्यंत दोघांचाही आवाज बसतो आणि मंडप मात्र तृप्त होऊन घरी जातो.

या युक्तीचा जनक फ्रेडरिक लँचेस्टर नावाचा इंग्रज. त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॅलन्सरचं पेटंट घेतलं. माणूस विलक्षण, मोटारी बनवल्या, विमान हवेत कसं तरंगतं यावर ग्रंथ लिहिले, लढाईत सैन्याचं बळ संख्येच्या वर्गाने कसं वाढतं याचं गणित मांडलं. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे, भावांना हाताशी धरून घरामागच्या बागेत त्याने एक मोटरबोटही बांधली होती, मागे फिरतं वल्ह्यांचं चाक लावलेली. त्यांच्या आईला आमच्या मामीसारखी फणसाची काळजी नसावी. त्यानंतर ही कल्पना बरीच वर्षं अडगळीत पडल्यासारखी होती. 1975 च्या सुमारास मित्सुबिशीने ती झाडून पुसून आपल्या चार सिलेंडरच्या इंजिनात बसवली आणि पोर्शसारख्या मानी जर्मन कंपनीने आपल्या 944 या गाडीसाठी मित्सुबिशीकडून परवाना घेतला. थरथर थांबवायची तर मान थोडी खाली घालावी लागते, असं म्हणायचा मोह होतोय. पण पोर्शने तेव्हा काय वाकवलं हे मी पाहिलेलं नाही.

आउटबोर्ड इंजिनाचा जन्मही असाच घरगुती. ओले एविनरूड हा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला कारागीर. त्याची गोष्ट अशी सांगतात की विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठी सहलीला गेलेले असताना त्याच्या प्रेयसीला, बेसला, आइसक्रीम खावंसं वाटलं. तो वल्ही मारत पलीकडे गेला, आइसक्रीम घेतलं, वल्ही मारत परतला, तोवर भर उन्हात आइसक्रीमचं सरबत झालं होतं. त्या रागातून बोटीला मागे अडकवायचं इंजिन निघालं. पुढे लग्न झाल्यावर बेसने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला ते कॉफी दळायच्या यंत्रासारखं वाटलं म्हणे. पण धंद्याची पत्रं आणि जाहिराती तिनेच सांभाळल्या आणि धंदा वाढला. आमच्या मामेभावाच्या बायकोने इंजिन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कर्जाचा हप्ता किती, एवढंच म्हणाली होती. इथेही धंदा तीच सांभाळते.

पण मी पडवीत होतो.

पॅकिंग बदललं, नवीन सील बसले, आता बॅलन्सर परत बसवायचा. इथे खरी मेख आहे. क्रँकचं गिअर पहिल्या दांड्याला फिरवतं, पहिला दुसऱ्याला. दात कुठल्याही दातात बसतो. लोखंडाला त्याचं काही वाटत नाही. म्हणून प्रत्येक गिअरवर एकेक बारीक खूण ठोकलेली असते, आणि पहिला पिस्टन वरच्या टोकाला असताना खुणेला खूण भिडली पाहिजे. यातलं वरचं टोक हा शब्दही फसवा. आउटबोर्डचा क्रँक उभा असतो, चक्र डोक्यावर, त्यामुळे पिस्टन आडवे झोपून पुढे-मागे करतात. वर म्हणजे मागे. मेस्त्री वर म्हणाले की मी बॅटरी छपराकडे मारायचो.

“मास्तरांनू, खाली. पिस्टन वर आसा, बॅटरी खाली मारा.”

मेस्त्रींची नजर आता जवळचं नीट पकडत नाही, हे त्यांनी मला खाजगीत सांगितलं होतं आणि मी सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणून खुणा जुळल्या का हे पाहण्याचं काम माझ्याकडे आलं. ते गिअर हळूहळू सरकवत होते. तेलाने सगळं काळं. मी वाकून, मान वाकडी करून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन पाहत होतो. एका दातावर पांढरा ठिपका दिसला. समोरच्या गिअरवरच्या खुणेला तो बरोबर भिडला, आणि मी वर्गात शंभर वेळा म्हटलेल्या सुरात म्हणालो, “जुळलं!”

मेस्त्रींनी बोल्ट आवळले.

*

इथे जरा थांबतो, कारण व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या कॅमच्या पट्ट्याचा दात आणि बॅलन्सरचा दात यांत मोठा फरक आहे आणि त्या फरकातच माझं पुढचं सगळं दुःख आहे. कॅमचं टायमिंग चुकलं तर इंजिन बोंब मारतं. सुरू होत नाही, खोकतं, फारच चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून तोडफोड. चूक त्याच दिवशी कळते. बॅलन्सरचा दात चुकला तर इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होतं, पुरी ताकद देतं, कसलाही लाल दिवा लागत नाही. फक्त तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहतं. घरातली काही माणसं अशी असतात. जेवतात, हसतात, सणाला कपडेही नवे घालतात आणि काय चुकलंय ते तुम्हाला तीन महिने कळत नाही.

सप्टेंबरात बोट पाण्यात ढकलली. नारळ फोडला, गावच्या जाणत्याने गाऱ्हाणं घातलं, बोटीला राख, इंजिनाला राख, गिऱ्हाईक दे, बरकत दे, आणि प्रत्येक मागणीवर सगळ्यांचं एकमुखाने “व्हय म्हाराजा!” मी तेव्हा पुण्याला परतलो होतो. भावाने व्हिडिओ पाठवला. गाऱ्हाण्यात बॅलन्सरचा उल्लेख नव्हता.

आठव्या दिवशी फोन आला. “दादा, बोट झिणझिणते.”

म्हणजे काय?

म्हणजे हळू चालवली की काही नाही. वेग घेतला की तळव्यांतून झिणझिण्या वर चढतात. पर्यटक दात चावून बसतात. एका बाईंनी विचारलं, मसाज वेगळा घेता का? बाकाच्या नट-बोल्टांना दर दोन दिवसांनी पाना लावावा लागतो. आणि मुख्य म्हणजे चष्मेवाल्या गिऱ्हाइकांना डॉल्फिन एकाऐवजी दोन दिसतात. तेवढ्यापुरता फायदाच, पण तोही किती दिवस.

मग मेस्त्रींनी एकेक करून सगळ्यांवर आळ घेतला. पंख्याचं पातं वाकलं असेल म्हणून पंखा बदलला. इंजिनाला बोटीपासून अलग ठेवणारे रबरी माउंट दबले असतील म्हणून माउंट बदलले. प्लग बदलले. बोटीच्या मागच्या फळीचे बोल्ट आवळले. प्रत्येक दुरुस्तीनंतर भाऊ मला फोन करायचा आणि चालू इंजिनाच्या झाकणावर फोन ठेवायचा, म्हणजे मला पुण्यात बसून ऐकता येईल. मी ऐकायचो. बायको विचारायची, कोणाचा फोन? मी म्हणायचो, इंजिनाचा.

मेस्त्रींचं एकच पालुपद. “चालता मां? ताकद देता मां? मगे झालां.” आणि खरंच, धंदा चालू होता.

मला मात्र तिसऱ्या फोनलाच आतून शंका आली होती. मी ती दाबली. माणूस स्वतःचा पेपर तपासायला बसला की किती उदार होतो, हे मी परीक्षक असताना इतरांत पाहिलं होतं. शेवटी एका रात्री वही काढली. दांड्याच्या गिअरला वीस दात आहेत असं धरू. मग एक दात म्हणजे 18 अंश. सारख्याच जोराचे दोन धक्के समोरासमोर आणले पण त्यांत 18 अंशांची चूक राहिली तर किती उरेल? कोनाच्या अर्ध्याचं साइन, त्याची दुप्पट. आलं 31 टक्के. एका दातापायी धक्क्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा शिल्लक. म्हटलं पुढे जाऊन बघू. 60 अंश चुकला तर? उत्तर आलं, शंभर टक्के. म्हणजे बॅलन्सर बसवलाय, तो जीव तोडून फिरतोय आणि थरथर मात्र तो नसता तेवढीच. 60 च्या पुढे चुकला तर नसता तरच बरं. आणि 180 ला, अगदी उलटा बसला तर, दुप्पट.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि त्याला गणित कारण नव्हतं. मामा गेले ती संध्याकाळ आठवत होती. घर माणसांनी भरलेलं, मामी भिंतीला टेकून, रडून रडून आवाज गेलेला. शेजारच्या काकी आल्या. त्या रडल्या नाहीत, डोक्यावरून हातही फिरवला नाही. मामीच्या समोर उभ्या राहून एवढंच विचारलं, “जेवूक माणसां किती गो?” मामीने डोळे पुसले, दारापासून आतपर्यंत मोजलं आणि म्हणाली, “सतरा.” मोजताना ती रडत नव्हती. काकींनी तेवढा भात रांधून आणला.

हे बघून मलाही वाटलं, अशा वेळी व्यवहाराचं बोललेलं बरं असतं. मी पुढे होऊन मामेबहिणीला विचारलं, बँकेत वारस म्हणून नाव कोणाचं आहे? तिने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून विसरता येत नाही. काकींचं आणि माझं वजन एकच होतं. माझा दात चुकला होता. आणि नुसता एक नव्हे, मी साठ अंशांच्या पार पलीकडे होतो.

आता जरा हलकं बोलतो. भावाकडे एक जुनी बुलेट आहे, कास्ट आयर्नच्या इंजिनाची. तिच्यात बॅलन्सर नाही. 2020 पासून कंपनीने नव्या 350 च्या इंजिनात बॅलन्सर घातला आणि गाडी गुळगुळीत चालायला लागली, तर जुने भक्त हळहळले की गाडीतला जीव गेला. भावाचंही तेच मत. एकच सिलेंडर, संथ डुगडुग, आरशात मागची गाडी ओळखता येत नाही, तीच शान. मी म्हटलं, मग बोटीलाही तेच समज. तो म्हणाला, “दादा, बुलेटवर मी बसतंय. बोटीत गिऱ्हाईक बसता.”

मी फोनवर धीर करून म्हटलं, “मेस्त्रींना सांग, बॅलन्सर बघा.”

पलीकडे थोडी शांतता. मग, “दादा, तो तूच बघितलेलास.”

*

दिवाळीच्या आठ दिवस आधी मी देवबागला पोचलो. सुट्टीची गर्दी तोंडावर, आणि ऐन हंगामात बोट पाण्याबाहेर. भाऊ माझ्याशी अदबीने बोलत होता, म्हणजे रागावला होता. डोकं पुन्हा फणसाच्या फांदीला लटकलं. या खेपेला फणस नव्हते, त्यामुळे मामी मोकळेपणाने बघायला आली आणि खुर्ची टाकून बसली.

मेस्त्रींनी पहिला पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे मागे, आणला. मी या वेळी दोन चष्मे आणले होते. झाकण निघालं. मी बॅटरी मारली. पांढरा ठिपका समोरच्या खुणेला अजून इमानाने भिडलेला होता, इतक्या लाख फेऱ्यांनंतरही.

“बघा,” मी म्हणालो. खरं सांगायचं तर माझ्या आवाजात विजय होता. “जुळलंय.”

मेस्त्रींनी नखाने ठिपका खरवडला. तो सुटला. त्याखाली नुसतं लोखंड, कुठलीही ठोकलेली खूण नाही. त्यांनी नख नाकाशी नेलं, मग जिभेला लावलं.

“चुनो,” ते म्हणाले.

कुणी काही बोललं नाही. फक्त मामी, खुर्चीतून, “कोणाचो?”

मेस्त्रींनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. तंबाखू मळून अंगठा गिअरवर टेकला असणार, तेवढा एक कण दातावर बसला, तेलाच्या थराखाली सुकून घट्ट झाला, आणि इतक्या दिवसांच्या गरम तेलानेही तो धुतला गेला नाही. खरी खूण, ठोकलेली, काळी, शेजारच्याच दातावर होती. पांढरं ते ठळक, आणि ठळक ते खरं, असा आयुष्यभर फळ्यावर खडूने लिहिणाऱ्या माणसाचा समज असतोच.

“तुमी गणित शिकवलात मां, मास्तरांनू,” मेस्त्री म्हणाले, “मगे एक दात चुकलो कसो?”

“तुमचा चुना होता.”

“डोळे तुमचे हुते.”

हे दोन्ही खरं असल्यामुळे वाद वाढला नाही. मी सारवासारव म्हणून 31 टक्क्यांचं गणित सांगितलं. म्हणजे बघा, एकोणसत्तर टक्के काम तर तो बिचारा करतच होता. मेस्त्री म्हणाले, “सत्तर टक्के कर्ज फेडलां म्हणून बँक गप रवता काय?” भावाची बायको दारात उभी होती, ती पहिल्यांदाच हसली.

मग मेस्त्री उठले. विहिरीवर गेले, साबण मागून घेतला, दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, अंगठा दोनदा. तंबाखूची पुडी मामीच्या हवाली केली. गिअर रॉकेलने पुसून कोरडं केलं. दोन्ही दांड्यांची लोखंडी पोटं पिस्टनांच्या विरुद्ध बाजूला वळवली, कारण पिस्टन टोकाला असताना ती तशीच असायला हवीत. खूण दिसत नसली तरी एवढ्यावरून चूक मोठी की लहान ते ताडता येतं, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. जूनमध्ये का नाही सांगितलं, असं मी विचारलं नाही. जूनमध्ये मी कोसाइन सांगत होतो.

खुणेला खूण भिडली. मी पाहिली. दुसरा चष्मा लावून पुन्हा पाहिली. मग मामीला बोलावून दाखवली, मग भावाच्या मुलीला, जी चौथीत आहे आणि जिची नजर आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली आहे. ती म्हणाली, “ठिपक्यासमोर ठिपका आहे.” मेस्त्रींनी क्रँक हाताने पूर्ण एक फेरा फिरवून परत टोकाला आणला, दांडे दोन फेरे घेऊन आले आणि ठिपके पुन्हा समोरासमोर. मेस्त्रींनी मांडीवर थाप मारली, समेवर.

बोल्ट आवळून, पॅकिंग लावून, इंजिन बोटीवर चढवायला तिसरा दिवस उजाडला. संध्याकाळी ओहोटी असताना बोट कर्लीच्या पाण्यात गेली. मेस्त्री मागे इंजिनाशी, मी मधल्या बाकावर, भाऊ चाकावर. त्याने चावी फिरवली. इंजिन लागलं. खाडीवर वारा होता, पलीकडे कुणीतरी जाळं झटकत होतं. माझे तळवे बोटीच्या तळाला टेकलेले होते आणि त्यांना काहीच सांगण्यासारखं नव्हतं.

भावाने क्षणभर वाट पाहिली, कपाळाला आठी घातली आणि चावी पुन्हा फिरवली. आतून कर्रर्र असा दात खरवडल्यासारखा आवाज आला.

मेस्त्री जवळजवळ पाण्यात पडले. “अरे मेल्या, चावी सोड! चालूच आसा ता!”